साधे जेवण : कोणास साधे?

माघ लागला की पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांस द्राक्षमळ्यांची आठवण होऊ लागते. थंडी ओसरत असते, मुलांच्या वार्षिक परीक्षांस थोडा अवकाश असतो, आणि जुन्नर-आंबेगावाकडील मांडवांवर घड भरून आलेले असतात. दोन दिवसांची सवड काढावी, चार कुटुंबांनी मिळून मळ्यात उतरावे, मोकळ्या हवेत जेवावे आणि द्राक्षांच्या पेट्या घेऊन परतावे, ही कल्पना मुळात फार चांगली आहे. राज्य सरकारने २०१८ साली जुन्नरला पर्यटन तालुका ठरविल्यापासून आणि २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून तिला राजमान्यताही मिळाली आहे. या कल्पनेविरुद्ध आम्हांस एक अक्षरही लिहावयाचे नाही. आमचे भांडण आहे ते या सहलीतील जेवणाच्या बेताशी. आणि त्यातही, जो बेत सर्वांत निरुपद्रवी व सर्वांत सात्त्विक समजला जातो, त्या ‘साध्या जेवणा’च्या बेताशी.

जेवणाच्या बाबतीत सहलीस निघणाऱ्या मंडळींचे तीन पंथ आढळतात. पहिला पंथ वाहतूकवाल्यांचा. हे लोक घर मागे ठेवून निघतात, पण स्वयंपाकघर बरोबर घेतात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, चिवडा, चकल्या, दोन प्रकारचे लाडू, श्रीखंडाचा डबा आणि ‘असू द्या, लागले तर’ या सदराखाली आणखी पाचसहा डबे, असा सरंजाम गाडीत चढतो. तो सिद्ध करण्यासाठी घरातील बाई आदल्या रात्री बारा वाजेपर्यंत शेगडीपुढे उभी असते. मळ्यात पोहोचल्यावर सतरंजी अंथरून ती वाढू लागते, सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाते, आणि परतल्यावर तेलकट डबे घासते. सहल घरादाराची झाली. गृहिणीची मात्र फक्त बदली झाली.

दुसरा पंथ हुकूमवाल्यांचा. हे घरून काही नेत नाहीत. सगळे तेथेच मागवितात. सकाळी पोहे व इडली, दुपारी पनीर, सायंकाळी भजी, रात्री मांचुरियन नावाचा तो प्रकार, ज्याचा मांचुरियाशी काही संबंध नाही आणि जुन्नराशी तर मुळीच नाही. पैसे मोजले आहेत तेव्हा पदार्थ मोजून घेतलेच पाहिजेत, हा यांचा अर्थशास्त्रीय सिद्धांत. ताटांत अर्धे अन्न राहते. या दोन्ही पंथांचे दोष इतके उघड आहेत की त्यांवर टीका करण्यास विशेष धैर्य लागत नाही, आणि आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ती घरी बसून केलेलीही असेल.

कारण आमचे वाचक, आणि आम्ही ज्या वर्गात मोडतो तो अध्यापकवर्ग, बहुधा तिसऱ्या पंथाचे. हा पंथ साधेपणाच्या उपासकांचा. मळ्यावर उतरताच हे यजमानास सांगतात, “आम्हांला काही नको हो. अगदी साधे करा. पिठले, गरम भाकरी, ठेचा. बस्स!” हे वाक्य उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्यागाचे तेज असते. आपण पनीर नाकारले, खेड्यास खेड्याच्याच अन्नाने मान दिला, आणि शिवाय यजमानास त्रास दिला नाही, असे तिहेरी पुण्य त्याच्या गाठी जमा होते. आमचे म्हणणे असे की या तिहेरी पुण्यापैकी तिसरे पुण्य सर्वस्वी खोटे आहे.

हिशेबच करू. मंडळी तीस. माणशी दोन भाकऱ्या म्हणजे साठ. पीठ मळून घेणे, थापणे, तव्यावर टाकून पाणी फिरविणे, उलटणे आणि निखाऱ्यावर फुगविणे, यांस एका तव्यावर एका भाकरीमागे तीन मिनिटे धरली तरी साठ भाकऱ्यांस तीन तास लागतात. आणि भाकरी ‘गरम’ हवी, म्हणजे हे तीन तास मंडळींच्या जेवणाच्या वेळी आणि त्यांच्या खाण्याच्या गतीने गेले पाहिजेत. पंगत ओसरीवर गप्पा मारीत बसते, आणि आत एक बाई धुरात वाकून थापीत असते. दर दहा मिनिटांनी कोणीतरी दारात डोकावून म्हणते, “वहिनी, आणखी दोन येऊ द्या, काय सुरेख झाल्यात!” त्या सुरेखपणाची मजुरी अनेकदा जेवणाच्या दरात धरलेलीही नसते, कारण ‘साधे’ जेवण म्हटले की त्याचा दरही साधा असावा, अशी आपली ठाम समजूत असते. पनीरास पैसे पडतात, भाकरीस काय पडते? पडतो तो फक्त वेळ, आणि तो आपला नसतो.

या भागात मासवडी नावाचा एक उत्कृष्ट पदार्थ होतो. जुन्नर-आंबेगावची ती ओळखच आहे. बेसनाचे पीठ शिजवून घोटावयाचे, ते गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापावयाचे, त्यावर भाजलेले खोबरे, तीळ, खसखस, लसूण यांचे सारण पसरावयाचे, मग वळकटी करून, दाबून, वड्या पाडावयाच्या. आणि निराळा झणझणीत रस्सा करावयाचा तो वेगळाच. साधेपणाच्या उपासकास ही मासवडी ‘अस्सल गावठी’ म्हणून कोठेतरी वाचून ठाऊक असते. तो दुपारी बारा वाजता पोहोचतो आणि एक वाजता मासवडी मागतो. गावठी म्हणजे साधे, साधे म्हणजे सोपे, आणि सोपे म्हणजे झटपट, अशी त्याच्या तर्कशास्त्राची साखळी असते. तिची एकही कडी खरी नाही.

तात्पर्य, साधेपणा ताटात पाहून कळत नाही. तो चुलीपाशी जाऊन पाहावा लागतो. ताटात तीनच पदार्थ असून त्यांपायी एखादीचे चार तास गेले असतील तर ते जेवण राजेशाही आहे. आणि ताटात सहा पदार्थ असून कोणासच अर्ध्या तासाहून अधिक राबावे लागले नसेल तर ते साधे आहे. सहलीच्या जेवणाचा बेत करताना ‘काय खावयाचे’ हा प्रश्न दुसरा. ‘कोणाचे किती तास जाणार’ हा पहिला. आमचे सर्व प्रतिपादन याच एका कसोटीवर उभे आहे.

ही कसोटी आम्ही नवीन काढली आहे असे कोणी समजू नये. ज्या शब्दाने आपली मुले आज या सहलींस संबोधतात, त्या ‘पिकनिक’ शब्दाचाच इतिहास पाहावा. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच भाषेत हा शब्द आढळतो, तेव्हा त्याचा मोकळ्या हवेशी किंवा हिरवळीशी संबंध नव्हता. ज्या जेवणात प्रत्येकजण आपापला वाटा उचलतो ते, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे इंग्रजांच्या हाती पडून एकोणिसाव्या शतकात तो रानात आला आणि वाटा मात्र घरी राहिला. १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या इझाबेला बीटनबाईंच्या गृहव्यवस्थेवरील प्रख्यात ग्रंथात चाळीस माणसांच्या वनभोजनाची यादी दिली आहे. तीत मांसाचे मोठमोठे भाजलेले व उकडलेले तुकडे, चार कोंबड्या, दोन बदके, सहा शेवंडे, अनेक तऱ्हेची भरली पक्वान्ने आणि सॅलडच्या सहा टोपल्या आहेत. इतके शिजविणारे, बांधणारे आणि वाहणारे हात पदरी असल्यावाचून हा बेत शक्य नव्हता, हे सांगणे नलगे. आमच्या वाहतूकवाल्यांचे डबे आणि हुकूमवाल्यांच्या पराती यांची वंशावळ शोधू गेल्यास ती या यादीपाशी पोहोचते. फरक इतकाच की बीटनबाईंच्या वाचकांकडे नोकर होते, आमच्याकडे बायको आहे किंवा मळेवाल्याची बायको आहे.

फ्रेंच शब्दातील तो हरवलेला अर्थ आमच्याकडे मात्र जिवंत आहे, आणि त्यास आम्ही ‘काला’ म्हणतो. यमुनेच्या तीरी गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालविल्या आणि सर्वांनी मिळून खाल्ल्या. कोणाची शिदोरी भरगच्च होती, कोणाची शिळ्या तुकड्याची. काल्यात ती ओळखू येईनाशी झाली. आजही हरिनाम सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते, आणि पोहे, लाह्या, दही, मिरची, लिंबाचे लोणचे यांचा तो घास लहानथोर सारख्याच भक्तीने घेतात. या बेतात एकही पदार्थ तव्यापाशी उभे राहून करावा लागत नाही. याच न्यायाने हुरडा पाहा. त्यात कणसे भाजणारा आगटीपाशी असतो खरा, पण चोळून, पाखडून खाणे ज्याचे त्याने करावयाचे. खाणारा आणि करणारा यांच्यामधील भिंत तेथे निम्मी पडलेली असते. रानात जेवण्याची आमची जुनी रीत अशी होती. तीत रुची कमी होती असे हुरडा खाल्लेला कोणीही मनुष्य म्हणणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की बायकांस हौस असते. करून वाढण्यात त्यांस आनंद वाटतो. तो हिरावून घेणारे आम्ही कोण? हौस असते हे आम्हांस मान्य. परंतु जी हौस नाकारण्याची सोय नाही तिला हौस म्हणावे काय, याचा विचार आक्षेपकांनी करावा. आम्ही गृहिणीस अन्नपूर्णा म्हणतो. लग्नात वधू माहेराहून अन्नपूर्णेची मूर्ती घेऊन येते. ती मूर्ती कोणी नीट पाहिली आहे काय? तिच्या हातात पळी असते, हे खरे. पण ती बसलेली असते! घरातील अन्नपूर्णेस निदान वर्षातून दोन दिवस बसावयास मिळावे, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शहरातील मंडळी मागणी करतात म्हणूनच खेड्यातील बायकांच्या हाती चार पैसे येतात. मागणी कमी करा म्हणणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होय. या आक्षेपास उत्तर असे की आम्ही मागणी कमी करा म्हणत नाही. मोबदला श्रमांवर द्या म्हणतो. पदार्थांच्या संख्येवर नव्हे, त्यांपायी गेलेल्या तासांवर. साठ भाकऱ्या हव्यात ना? मग दोन दिवस आधी कळवा, दोन बायकांचे तीन तास गृहीत धरा, त्यांची मजुरी आधी ठरवा, आणि ती ज्या हाताने भाकरी थापली त्या हाती पडते की नाही, हे विचारण्याचा संकोच करू नका. द्राक्षांच्या पेटीचा भाव करताना ज्यास संकोच वाटत नाही त्यास येथे तो वाटण्याचे कारण नाही. मासवडी हवी असल्यास तीही मागवा. पण ती मेजवानी आहे हे ओळखून मागवा, मेजवानीचा दर द्या, आणि तिला साधे जेवण म्हणून तिचा व स्वतःचा अपमान करू नका.

तिसरा आक्षेप कंजूषपणाचा. वर्षातून एकदा जावयाचे, तेथेही पोटास चिमटा घ्यावयाचा काय? चिमटा घेण्याचा प्रश्नच नाही. नुसती टीका करून थांबणे ही आमच्या वर्गाची जुनी खोड आहे. तिला बळी न पडता, दोन दिवसांच्या सहलीचा एक बेत आम्ही येथे मांडून दाखवितो.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की राजगुरुनगर मागे पडते आणि पेठ लागते. पेठ हे सातगाव पठारावरील गाव, आणि हे पठार पावसाळी बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. जूनच्या पावसावर लागवड, गणपती-दसऱ्याच्या सुमारास काढणी. यातील काही बटाटा करारपद्धतीने थेट वेफर्सच्या कारखान्यांकडे जातो. आमची मंडळी याच रस्त्याने हवा भरलेल्या पिशव्या फोडीत, मुलांस वेफर्स वाटीत निघून जातात. ज्या मातीतून तो बटाटा निघाला तिच्यावरूनच तो तळून, खारवून, फुगवून परत चालला आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्या मते सहलीच्या अन्नाचा आदर्श हाच बटाटा आहे. मात्र पिशवीतला नव्हे, सालासकट उकडलेला. एका मोठ्या पातेल्यात तो टाकला की त्याच्यापाशी कोणी उभे राहावे लागत नाही. तयार झाल्यावर प्रत्येकाने आपला बटाटा आपण सोलावा, मीठ, लसणाची चटणी आणि तुपाचा थेंब घालून खावा. सहा वर्षांच्या मुलासही ते करता येते, आणि साठ वर्षांच्या प्राध्यापकासही शिकविता येते.

तेव्हा पहिल्या दिवशी दुपारी काला. एका कुटुंबाने पोहे व लाह्या आणाव्या, दुसऱ्याने लोणचे, मिरच्या व काकड्या, तिसऱ्याने दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, चौथ्याने गूळ-शेंगदाण्याचे लाडू. दही वाटेत घ्यावे. दशमी दुधात भिजविलेली असते म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र नेऊ नये, माघातील दुपारचे ऊन तिला सोसत नाही. सायंकाळी उकडलेले बटाटे. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, भाजलेला पापड, तूप. खिचडीस एकच भांडे लागते, आणि ती मंडळींतील पुरुषांनी करावी. ज्यास दीडशे किलोमीटर गाडी हाकता येते त्यास डाळतांदूळ धुता येत नाहीत, हे आम्ही मानावयास तयार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दशम्या आणि चहा. दुपारी मळ्याच्या घरची भाकरी, ठेचा आणि दही; पण आधी कळवून, दर ठरवून, माणशी एक, आणि सकाळच्या वेळात करून ठेवलेली. थंड भाकरी दह्याशी किती उत्तम लागते हे ज्यास ठाऊक नाही त्याने शेतकऱ्याच्या न्याहरीस बसून पाहावे.

आणि गोड पदार्थ? तो डोक्यावर लोंबत असतो. द्राक्षमळ्यात जाऊन श्रीखंड खाणारा मनुष्य नदीकाठी बसून बाटलीतले पाणी विकत घेणाऱ्याच्या जातीचा. द्राक्ष वेलीवरून उतरल्यावर अधिक गोड होत नाही; आंबा आढीत पिकतो, द्राक्ष पिकत नाही. म्हणून ज्या दिवशी घड उतरविला त्या दिवशी, त्या मांडवाबाहेर ते खाणे, हीच त्याच्या गोडीची परमावधी. जुन्नरकडील काळी जम्बो द्राक्षे याच हंगामात येतात. मण्यांवरील पांढुरकी झाक फळाचे स्वतःचे मेण असते, तिला भिण्याचे कारण नाही; पण बागेवर औषधे फवारलेली असतात म्हणून घड धुऊनच मुलांच्या हाती द्यावा. स्वतःच्या हाताने तोडू नये, मळेवाल्यास विचारावे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून त्याने मण्यांची विरळणी करीत तो घड वाढविलेला असतो, आणि तुमच्या छायाचित्रासाठी हिसडलेल्या वेलीचे नुकसान तुमच्या छायाचित्रात दिसत नाही. मांडवाखाली चूल पेटवू नये, हे तर सांगावयासही लागू नये.

एक गोष्ट मात्र सांगावयासच हवी. या दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबट्यांचा वावर आहे. माणिकडोह येथील बिबट्यांचे निवाराकेंद्र अनेकांस ठाऊक असते. ते प्रेक्षणीय स्थळ म्हणून. परंतु टाकून दिलेल्या अन्नावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीजवळ येतो, हे तेथील लहान मुलासही कळते. तुमच्या ताटातील उरलेले पनीर बांधाआड फेकून तुम्ही रविवारी सायंकाळी घरी जाता. सोमवारी पहाटे त्या बांधावरून पाणी द्यावयास कोणीतरी एकटा जात असतो. हुकूमवाल्यांच्या ताटात राहिलेले अर्धे अन्न आम्हांस केवळ उधळपट्टी वाटत नाही, ते यासाठी. ज्या बेतात उरण्यासारखे काही नसते तोच बेत या प्रदेशात सभ्य होय. थर्मोकोलची ताटे २०१८ पासून राज्यात बंद आहेत. घरची ताटे न्यावी, आणि ज्याचे ताट त्याने घासावे.

आमचा हा लेख वाचून कोणी म्हणेल, साध्या जेवणासाठी केवढा हा उपद्व्याप! खरे आहे. अविचाराने साधेपणा साधत नाही. तो आधी बसून, मोजून, वाटून घ्यावा लागतो. नाही तर त्याचे ओझे न बोलणाऱ्याच्या माथी आपोआप जाऊन पडते, आणि न बोलणारी कोण असते हे प्रत्येक घरास ठाऊक आहे. यंदा मळ्याची तारीख ठरविण्यास चार कुटुंबे बसतील तेव्हा पदार्थांची यादी करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे, आणि मळ्यावर राबणाऱ्या प्रत्येकीच्याही नावापुढे, तो किंवा ती किती वेळ उभी राहणार हे लिहावे. तो कागद वाचून जर कोणाची मान खाली गेली नाही, तर खुशाल म्हणावे की आमचे जेवण साधे आहे.